दारी आलेला माणूस

सायंकाळ झाली की गुरे गोठ्याकडे वळतात, पाखरे घरट्याकडे परततात आणि माणसाची पावलेही नकळत घराची वाट धरतात. परगावी चार दिवस कितीही सुखात गेले, तरी पाचव्या दिवशी आपले अंगण, आपल्या आडाचे पाणी आणि आपल्या माणसांचे बोलणे आठवू लागते. घराची ही ओढ प्राणिमात्राला जन्मतःच मिळालेली आहे. असे असताना एखादा माणूस भरल्या घराला कुलूप लावून, मुलांची बोटे धरून, जिथली भाषाही आपल्याला येत नाही अशा देशाची वाट का बरे धरतो?

पोटासाठी घर सोडणारे पुष्कळ असतात. कोणी विद्येसाठी जातो, कोणी व्यापारासाठी. त्यांची परतीची वाट मोकळी असते. सणावाराला ते घरी येतात आणि पुन्हा जातात. परंतु जगात असेही लोक आहेत, की ज्यांना मागे लागलेल्या भयामुळे घर सोडावे लागते. त्यांनी चोरी केलेली नसते, कोणाचा घातही केलेला नसतो. विशिष्ट वंशात त्यांचा जन्म झाला, विशिष्ट भाषा ते बोलतात, एवढ्यावरूनच त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांचा छळ होऊ लागतो. ज्या सरकारने रक्षण करावयाचे, तेच त्यांच्यावर उलटते, किंवा छळणाऱ्यांकडे पाहून डोळे मिटून घेते. कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी? मग तो माणूस देशाची सीमा ओलांडतो आणि परक्या देशाच्या दारात उभा राहून म्हणतो, "मला आत घ्या. मला परत पाठवू नका." यालाच आश्रय मागणे म्हणतात. आश्रय मागणाऱ्या या माणसाला काय उत्तर द्यावे, या प्रश्नाचा मी पुष्कळ दिवस विचार करीत आलो आहे. त्या विचारात दोन गोष्टी माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभ्या राहतात. एक आहे समुद्रावरची. दुसरी माझ्याच जिल्ह्यातली.

समुद्रावरची गोष्ट आधी सांगतो. सन १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. ज्यू वंशाच्या लोकांविषयी त्याच्या पक्षाच्या मनात विलक्षण द्वेष होता. त्यांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्यात आला. सन १९३५ मध्ये कायदा करून त्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेण्यात आले. सन १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात एका रात्री त्यांची शेकडो प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, हजारो दुकाने फोडण्यात आली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्यू मुलांना सरकारी शाळांतून घालवून देण्यात आले. कालपर्यंत ज्या बाकावर आपण बसत होतो, त्या बाकावर आज आपल्याला जागा नाही, हे त्या मुलांना कसे वाटले असेल? घरातील वडीलधाऱ्यांनी ओळखले, की आता येथे राहणे म्हणजे संकटाची वाट पाहत बसणे होय.

सन १९३९ च्या मे महिन्याच्या १३ तारखेला जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरातून 'सेंट लुई' नावाची आगबोट निघाली. तिच्यावर ९३७ प्रवासी होते आणि त्यांतील बहुतेक सर्व ज्यू होते. त्यांना क्यूबा बेटावर उतरावयाचे होते. उतरण्याचे परवाने त्यांनी पैसे मोजून घेतलेले होते. आगबोटीचा कप्तान गुस्टाव श्रोडर हा जर्मन असला, तरी मनाचा उदार होता. या प्रवाशांना इतर प्रवाशांप्रमाणेच मानाने वागवावे, अशी त्याने खलाशांना सक्त ताकीद दिली होती. पुष्कळ दिवसांनी त्या माणसांना कोणी आदराने हाक मारीत होते. मुले डेकवर खेळू लागली. मोठी माणसे मोकळा श्वास घेऊ लागली.

आगबोट हवानाच्या बंदरात पोचली, तेव्हा मात्र निराळेच वर्तमान कानी आले. क्यूबाच्या सरकारने ते परवाने रद्द ठरविले होते. केवळ २८ प्रवाशांना उतरू देण्यात आले. बाकीच्यांचे नातलग लहान होड्यांतून आगबोटीजवळ येत आणि खालूनच आपल्या माणसांना हाका मारीत. अखेर आगबोटीला बंदर सोडण्याचा हुकूम झाला. ती अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून चालली असता प्रवाशांना मायामी शहराचे दिवे दिसत होते. त्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना तार केली. तिचे उत्तर आले नाही. कॅनडानेही नकार दिला. तेव्हा ज्या दिशेने आगबोट आली होती, त्याच दिशेने ती परत फिरली.

कप्तान श्रोडर मात्र या प्रवाशांना जर्मनीत नेऊन सोडण्यास तयार नव्हता. वाटाघाटी झाल्या, आणि ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड या चार देशांनी त्यांना वाटून घेण्याचे कबूल केले. जूनच्या १७ तारखेला आगबोट अँटवर्प बंदराला लागली. परंतु पुढच्याच वर्षी जर्मन सैन्याने फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड हे देश जिंकले आणि ज्यांच्यापासून ते लोक पळाले होते, त्यांच्याच हाती ते पुन्हा सापडले. त्या आगबोटीवरील २५४ माणसे पुढे त्या भीषण संहारात मारली गेली. सन २०१८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी या नकाराबद्दल आपल्या संसदेत जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागणे हे थोरपणाचे लक्षण खरे. परंतु ती ऐकावयास ती २५४ माणसे उरली नव्हती.

या कथेत नकार देणारे सारेच लोक दुष्ट होते, असे मला वाटत नाही. प्रत्येकाजवळ काही ना काही कारण होते. कोणी म्हणाले, आमच्याकडेच बेकारी आहे. कोणी म्हणाले, यंदाच्या परवान्यांची संख्या भरली आहे. कोणी म्हणाले, एकाला घेतले तर उद्या दहा येतील. दार लावून घेणाऱ्याला वाटते, की आपण कोणाचे काहीच वाईट केले नाही. आपण केवळ कडी लावली. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे काय आहे, हे त्याने पाहिलेले नसते.

आता माझ्या जिल्ह्यातली गोष्ट. कोल्हापूरपासून थोड्या अंतरावर, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत वळिवडे नावाचे गाव आहे. सन १९४३ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, या गावाच्या शिवारात कौलारू खोल्यांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांत राहावयास गोऱ्या वर्णाच्या, पिंगट केसांच्या बायका व मुले आली. ती होती पोलंड देशातील माणसे.

त्यांच्यावर ओढवलेला प्रसंग कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणील असा होता. सन १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण करून तो देश वाटून घेतला. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून पूर्वेकडील पोलिश कुटुंबांच्या दारांवर रात्री-अपरात्री थापा पडू लागल्या. हाताला लागेल ते गाठोडे बांधून त्यांना निघावे लागे. मालगाडीच्या डब्यांत कोंबून त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तान यांसारख्या दूरच्या प्रदेशांत नेण्यात आले. तेथील थंडी, उपासमार आणि कष्ट यांत असंख्य माणसे दगावली. सन १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका झाली. त्यांतील अनेक जण कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. पुरुष सैन्यात गेले; बायकामुलांना कोठे ठेवावे, हा प्रश्न उभा राहिला.

त्या वेळी हिंदुस्थानातील दोन संस्थानांत त्यांच्यासाठी मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात, समुद्रकाठी बालाचडी येथे, शेकडो पोलिश मुलांना सन १९४२ मध्येच आश्रय दिला. त्यांतील अनेक मुले पोरकी होती. ती जामसाहेबांना 'बापू' म्हणत. दुसरी छावणी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची. येथे सुमारे पाच हजार माणसे राहून गेली. छावणीचा खर्च लंडनमधून कारभार पाहणाऱ्या पोलंडच्या सरकारकडून येई. परंतु जमीन, पाणी आणि शेजार कोल्हापूरचा होता. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, वाचनालय होते. मुले बालवीरांच्या पथकात जात, नाटके करीत, पंचगंगेत डुंबत.

माझी आजी तेव्हा १२ वर्षांची होती. तिची आई छावणीत दूध घालावयास जाई आणि आजी तिच्या मागोमाग किटली घेऊन चाले. त्या दिवसांच्या हकिकती ती आम्हा नातवंडांना रंगवून सांगत असे. छावणीतील एक मुलगी तिच्याच वयाची होती. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती; दुधाची मापे दोघी बोटांवर मोजीत. एकदा पणजीने त्या मुलीला भाकरी दिली. मुलीने अर्धी खाल्ली आणि अर्धी हळूच खिशात लपविली. दुसऱ्या दिवशीही तिने तसेच केले, तिसऱ्या दिवशीही. "प्वाट भरलं हुतं रं तिचं," आजी म्हणे, "पर भ्या काय जाईना." भूक एका जेवणाने भागते, भय मात्र पोट भरल्यावरही मागे राहते, हे शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीला तेव्हाच उमगले होते.

मी तिला विचारी, "आजी, ती माणसं कोण, कुठली, कशापायी आली, हे तुम्हांला ठाऊक होतं का?" ती हसून म्हणे, "आमास्नी काय ठावं! दारात आलेल्याला आदी गूळपानी द्यावं. कुठनं आलासा, का आलासा, ते मागनं इचारावं." कोल्हापूरकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देण्याची रीत आहे. त्याचा घसा ओला होईपर्यंत त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. विचारू नये असे नव्हे. पण आधी पाणी, मग प्रश्न.

युद्ध संपले, तेव्हा या पोलिश लोकांनी घरी परत जावे असे कोणालाही वाटेल. परंतु ज्या गावांतून त्यांना नेण्यात आले होते, ती गावे आता सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली होती. ज्या सत्तेने त्यांना मालगाडीत कोंबले, तिच्याच हाती पुन्हा जावे कसे? काही परत गेले. पुष्कळांनी मात्र परतण्यास नकार दिला आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या देशांत नवे घर शोधले. सन १९४८ मध्ये ही छावणी बंद झाली. परंतु त्या कौलारू खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. देशाची फाळणी होऊन सिंध प्रांतातील घरेदारे सोडून आलेली कुटुंबे तेथे राहावयास आली. एका निर्वासिताने सोडलेल्या ओसरीवर दुसऱ्या निर्वासिताने आपली वळकटी टेकली. आज तेथे गांधीनगर नावाची भरभराटलेली वसाहत आहे आणि तिची कापडाची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. ज्यांना एके काळी आश्रय मिळाला, त्यांच्याच दुकानांत आज अनेकांना काम मिळते. पोलंडमधील वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचे स्मारक आहे, तसेच वळिवड्याच्या छावणीच्या आठवणीचेही आहे. एवढ्याशा गावाचे नाव इतक्या दूर जाऊन पोचले, ते एखाद्या लढाईतील विजयामुळे नव्हे, तर दिलेल्या आसऱ्यामुळे!

युद्धात झालेला संहार पाहून जगातील राष्ट्रे जागी झाली. सन १९५१ च्या जुलै महिन्यात जिनिव्हा येथे निर्वासितांविषयी एक करार झाला. निर्वासित कोणाला म्हणावे, हे त्यात सांगितले आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे आपला छळ होईल, अशी सकारण भीती वाटून जो आपल्या देशाबाहेर आला आहे आणि ज्याला आपल्या देशाचे संरक्षण मिळू शकत नाही, तो निर्वासित होय. या व्याख्येतील 'भीती' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. अंगावर जखम दाखविल्याखेरीज आश्रय नाही, असे हा करार म्हणत नाही. घर जळेपर्यंत थांबावयास सांगत नाही. आग लागणार हे ओळखून जो वेळीच बाहेर पडला, त्याचेही ऐकून घ्यावे, असे तो सांगतो. त्याच करारातील दुसरे कलम असे, की ज्या देशात जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल, तेथे निर्वासिताला परत लोटू नये. मला तर यात आजीच्या गूळपाण्याचीच रीत दिसते. विचारपूस अवश्य करावी. पण ती होण्याआधीच माणसाला दारातून हाकलून देऊ नये.

ही विचारपूस सोपी नसते. आश्रय मागणाऱ्याला परक्या अधिकाऱ्यासमोर, बहुधा दुभाष्याच्या मदतीने, आपली सारी कहाणी सांगावी लागते. कोणत्या दिवशी काय घडले, कोणी धमकी दिली, कोणत्या वाटेने आलात, असे नाना प्रश्न विचारले जातात. जीव मुठीत धरून पळताना कागदपत्रे मागे राहिलेली असतात. घाबरलेल्या मनाला तारखाही नीट आठवत नाहीत. परीक्षेच्या वेळी केवळ गुणांच्या काळजीने आपल्याला पाठ केलेली कविता आठवेनाशी होते. मग ज्याच्या उत्तरावर मुलाबाळांचा जीव अवलंबून आहे, त्याची वाचा अडखळली तर नवल काय? म्हणून ऐकणाऱ्याजवळ बुद्धीबरोबर धीरही असावा लागतो.

यजमान देशाच्या मनातही काही भीती असते, आणि तिची थट्टा करणे योग्य नाही. आपले अन्नधान्य पुरेल काय, आपल्या मुलांच्या वाट्याचे काम जाईल काय, चांगल्या माणसांबरोबर एखादा दुर्जनही आत येईल काय, हे प्रश्न खोटे नाहीत. करारानेही त्यांचा विचार केला आहे. ज्याने स्वतःच इतरांवर घोर अत्याचार केले आहेत, त्याला निर्वासिताचे संरक्षण मिळत नाही. परंतु चाळणीने धान्य निवडावयाचे असते. चार खडे आहेत म्हणून कोणी सारे पोते उकिरड्यावर ओतीत नाही.

भारताने या करारावर सही केलेली नाही. तरीही आपल्या देशाच्या दारी अनेक जण आले आणि त्यांना आसरा मिळाला. सन १९५९ मध्ये दलाई लामा यांच्यामागोमाग हजारो तिबेटी लोक आले. त्यांची एक वसाहत आपल्या महाराष्ट्रातच, गोंदिया जिल्ह्यात आहे. सन १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली. सन १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ कुटुंबे होड्यांतून तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागली. तमिळ असणे हाच तेथे त्यांचा अपराध ठरला होता. ही परंपरा अभिमानाची आहे. परंतु केवळ अभिमान बाळगून ती टिकत नाही. प्रत्येक नवा माणूस दारी आला, की तिची परीक्षा पुन्हा होते. सन २०२४ च्या अखेरीस छळ, युद्ध आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावे लागलेल्या माणसांची संख्या जगभरात १२ कोटींहून अधिक होती. त्यांतील पुष्कळ जण आपल्याच देशात दुसरीकडे दिवस कंठीत होते. कोट्यवधी मात्र सीमा ओलांडून गेले होते, आणि त्यांत तुमच्या वयाची मुलेही फार होती.

तुम्ही आज लहान आहात. कोणाला देशात घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार तुमच्या हाती नाही. परंतु वर्गात नवा मुलगा येतो, त्याची बोली निराळी असते, डबा निराळा असतो, आणि तो दाराशीच घुटमळतो. तेव्हा आपल्या बाकावर सरकून जागा करणे तर तुमच्या हाती आहे! पुढे तुमच्यातील कोणी अधिकारी होईल, कोणी न्यायाधीश, कोणी आगबोटीचा कप्तान. कोणत्या ना कोणत्या दाराची किल्ली तुमच्या हाती येईलच. त्या दाराबाहेर एखादा भ्यालेला माणूस उभा राहील, तेव्हा त्याला कोणते उत्तर द्यावयाचे ते तुमच्या बुद्धीने ठरवा. परंतु त्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून कडी लावू नका.